सिनेमातली हडळ मीच

रविवार, संध्याकाळ

जावई आज मोबाइलवर जुना भुताचा सिनेमा बघून हसत होते. वेरूळजवळ चार दिवसांत उरकलेला, परदेशी सिनेमावरून उचललेला. त्यातली हडळ मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या त्या कामाची लेकीला लाज वाटते. तिनं डोळ्यांनीच मला दटावलं. इतकी वर्षं गप्पच तर बसले! तेवढ्यात ते म्हणाले, "किंचाळी मात्र लई खरी आहे." ती किंचाळी! शूटिंग चालू असताना पायाशी खरंच विंचू निघाला होता, तरी मी जागची हलले नव्हते. मग लपवायचं कशाला?

"जावईबापू, ती मीच."

त्यांनी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. लेक अजून बोलत नाही. नाही तर नाही. सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव कुठंच नव्हतं. आज ते मी स्वतः सांगितलं.