नवव्या वाक्यावरची खूण

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. आवडीआत्यास समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तू भरून घेतलेले फॉर्म पोचले. माणूस मनाचं करतो की चारचौघांचं, हे मोजणारी ही प्रश्नावली मूळ परदेशातली. तिला मराठीत आणता आणता मीच म्हातारी व्हायला आलेय. मूळ नववं वाक्य मेजवानीतल्या कपड्यांबद्दल होतं. त्याजागी तू सुचवलेलं घातलं: ‘गाव करील तेच मी करते.’ तुझ्या वाडीत झाडून सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केलीय, तूसुद्धा! माझे गाईड सर खूश आहेत.

आता त्याच माणसांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून हवी. उत्तरं जुळली तर माप भरवशाचं ठरेल आणि माझा प्रबंध एकदाचा सुटेल. अंगणवाडीत असताना पोरांना पकडून डोस पाजायचीस, तसं यांनाही पकड. तिथे फोन लागत नाही, तेव्हा टपालानेच धाड. गुडघ्याला तेल लावतेस ना?

माया आहे तशीच राहू दे.
समीक्षा

वाडी, ता. पोलादपूर, १६ फेब्रुवारी

चि. समीक्षास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटात एकच फॉर्म आहे, माझा. बाकीच्यांकडे गेले, पण दारं लागली. माझ्यामुळे तुझं काम अडलं, रागावू नकोस.

देवळाच्या मंडपाला जागा दिली नाही म्हणून गावकीने जानूचं घर वाळीत टाकलंय. मीही त्याच्याशी बोलत नव्हते. मागल्या सोमवारी त्याची आई गीताबाई वारली. दुपार टळली तरी कोणी फिरकलं नाही. मला घरात बसवेना. गेले, तिला आंघोळ घातली. महाडहून जानूचे मेहुणे आले, तेव्हा उचललं.

संध्याकाळी गावकीच्या हैबतीभाऊंचा निरोप आला, की आवडी, तू बी आता गावात नाय. नळावर गेले की बायका हंडे उचलतात. देवळात नारळ ठेवून माफी मागितली नाही, तर शिमग्याला देवाची पालखी माझ्या दारी थांबणार नाही. फार थकायला झालंय गो.

जीव लावतेस, तो लावत राहा.
आत्या

पुणे, २४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. चुलीत जाऊ दे तो प्रबंध. असं वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, पोलिसांत जाऊया का? नाहीतर नारळ ठेवून मोकळी हो. पालखी दारी आल्यावाचून तुझा शिमगा होत नाही, मला ठाऊक आहे. नाहीच जमलं तर इकडे ये.

एक विचारते. गावाविरुद्ध एकटी गेलीस, तरी नवव्या वाक्यावर पुन्हा ‘पूर्ण सहमत’? घाईत चुकली असशील तर मी खूण दुरुस्त करते.

काळजीत असलेली,
समीक्षा

वाडी, १८ मार्च

चि. समीक्षास आशीर्वाद.

नारळ ठेवला नाही. पालखी काल येऊन गेली. अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं ताट घेऊन उभी राहिले होते. ढोल दारापर्यंत आला आणि पुढे गेला. हैबतीभाऊंनी मान वर केली नाही. मग घरात येऊन रडले, खोटं कशाला सांगू?

पोलीस आणून कोणी बोलतं होत नाही. पुण्यालाही येत नाही, म्हशीला कोण बघेल? पाणी जानू आणून देतो. सवड काढून तूच ये, तुला माझ्याशी बोलायची बंदी नाही.

खुणेला हात लावू नकोस. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीने पिठलंभात न्यावा, खांद्याला माणसं जावीत, हे मला या गावानेच शिकवलं. तुझे आतोबा गेले, तेव्हा आधी हैबतीभाऊच धावत आले होते. गाव करतं तेच मी केलं गो. त्या दिवशी गावच तेवढं आलं नाही.

तुझी आवडीआत्या