आधी फोटो, मग बार

कॉटनवुड बेंड, मोंटाना
२४ जून १९९६

ती. थोराताईस,
एर्लंडचा सा. न. वि. वि.

पत्रास उशीर झाला, क्षमस्व. या घरात पत्रे लिहिण्याचे काम मेव्हिसचे होते. फेब्रुवारीत ती गेल्यापासून ते कोणाचेच नव्हते. आता ते मी घेतले आहे.

कळविण्यास कारण असे की, वन्यजीव खात्याची सोडत निघाली असून लँटर्न शिखराच्या भागासाठी डोंगरी बोकडाचा परवाना माझ्या नावे आला आहे. एकोणीस वर्षे मी अर्ज करीत होतो. त्या भागात वर्षाला तीनच परवाने निघतात. मुदत तीस नोव्हेंबरपर्यंत आहे. त्यानंतर सात वर्षे अर्ज करता येत नाही, म्हणजे तोवर मी पंचाहत्तर वर्षांचा होईन. ही संधी पहिली आणि शेवटची, हे उघड आहे.

मी जाणार आहे, आणि एकटा जाणार आहे. शिवाय एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चौतीस वर्षांत मेव्हिसने जनावराचा फोटो घेतल्याशिवाय मी एकदाही बार काढलेला नाही. त्यापायी अकरा एल्क हरणे माझ्या हातून निसटली. तुला ते ठाऊक आहे, कारण त्यातील प्रत्येकाची कथा तू नाताळच्या जेवणावर सर्वांना ऐकविली आहेस. तो नियम याही वेळी पाळला जाईल. कॅमेरा तिचाच नेईन. तो कसा चालतो हे मला माहीत नाही. पुस्तिका वाचीत आहे.

गुडघा बरा आहे. तू व मेंढ्या खुशाल असाव्यात. आहे तसा लोभ राहू दे.

तुझा,
एर्लंड


४ जुलै

चि. एर्लंड यास,
थोराचे अ. उ. आ.

अरे, हे पत्र आहे की जमीनमोजणीचा दाखला? नोकरी सुटून पाच वर्षं झाली, पण मोजणीसाहेब काही उतरत नाहीत अंगावरून! तरी पत्र आलं याचा आनंद झाला. फोनवर तू नुसतं ठीक आहे, ठीक आहे करतोस आणि मग मी तासभर तुझ्या त्या ‘ठीक’चा अर्थ लावत बसते.

परवाना मिळाला, छान झालं. परवाने सुरू झाल्यापासून आपले अण्णा शेवटपर्यंत अर्ज करत राहिले, त्यांना नाही मिळाला. पण एकटा जाऊ नकोस. तुझा तो गुडघा दर हिवाळ्यात बरा असतो आणि दर वसंतात तू लंगडत येतोस. रान सरकारी आहे, सगळ्यांचं आहे, पण म्हणून तिथे तुला उचलून आणायला कोणी बसलेलं नाही.

आणि कॅमेऱ्याचं काय खूळ घेतलंस? नाताळच्या फोटोत तू आम्हा सगळ्यांची डोकी कापली होतीस, विसरलास? बोकडाचे चार पाय तेवढे आणशील. बंदूक घे, बोकड आण, परत ये.

नीट जेवतोस का? डब्यातलं सूप म्हणजे जेवण नव्हे. उत्तर लवकर लिही. माया आहेच, ती मागायला लावू नकोस.

थोरा


२३ सप्टेंबर

ती. थोराताईस,
सा. न. वि. वि.

मागील आठवड्यात पाच दिवस लँटर्न शिखराखाली मुक्काम केला. गुडघ्याने साथ दिली. चढताना दिली, उतरताना दिली नाही.

तिसऱ्या दिवशी, दहाच्या सुमारास, वरच्या सरोवरापलीकडील कड्यावर एक जनावर एकटेच उभे दिसले. पांढरेशुभ्र, मोठे, अंतर सुमारे दोनशे चाळीस पावले. माद्या करडांसह कळपाने राहतात आणि बोकड एकटे हिंडतात, तेव्हा हा बोकड, याविषयी मला शंका उरली नाही. नियमाप्रमाणे मी प्रथम कॅमेरा काढला. भिंगावरील झाकण काढण्यास विसरलो. ते लक्षात येऊन काढले. चार फोटो घेतले. बंदूक खांद्याला लावेपर्यंत ते जनावर खडकामागे दिसेनासे झाले. पुढील दोन दिवस धुक्याने स्वतःचे बूटही दिसले नाहीत.

नोव्हेंबरात पुन्हा जाईन. तोवर त्यांचे केस लांब होतात व बर्फ त्यांना खाली उतरवितो. फिल्म धुण्यास दिली आहे.

तू रागावशील हे गृहीत धरून लिहिले आहे. रागासह लोभही असू दे.

तुझा,
एर्लंड


१ ऑक्टोबर

चि. एर्लंड यास,
अ. उ. आ.

गृहीत बरोबर धरलंस! एकोणीस वर्षं वाट पाहिली, जनावर समोर येऊन उभं राहिलं आणि साहेब झाकण शोधतायत! मी पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन मोठ्यांदा ओरडले. कुत्रा अजून माझ्याजवळ येत नाही.

आता नीट ऐक. हे मी चिडून लिहीत नाहीये. मेव्हिस गेली, बाळा. मलाही ती हवी होती. मला ती तुझ्याआधी आवडली होती, मीच तिला घरी आणलं होतं, मग ती तुझी बायको झाली. पण नियम दोघांचा होता. एकानं पाळायचा तो नियम नसतो, ते स्वतःला छळणं असतं. ती असती तर तुला हेच म्हणाली असती, आणि माझ्यापेक्षा वाईट शब्दांत.

नोव्हेंबरात वर बर्फ कमरेइतका असतो. एक तर कॅमेरा घरी ठेव, नाहीतर तू घरी राहा. रागावले असले तरी तुझीच आहे.

थोरा


१५ ऑक्टोबर

ती. थोराताईस,
सा. न. वि. वि.

फोटो आले. सोबत चौथा पाठवीत आहे. तो पाहून मग पुढे वाच.

ताई, ती शेळी होती.

शिंगे बुडाशी बारीक आहेत, दोहोंत अंतर बरेच आहे आणि टोकाजवळ ती एकदम मागे वळली आहेत. बोकडाची बुडापासून जाड असतात व सारखी वळत जातात. उजवीकडे, कड्याच्या काठावर जो पांढरा ठिपका तुला बर्फाचा वाटेल, तो करडाचा चेहरा आहे. ते तिच्यामागे झोपले होते.

परवान्यावर दोन्ही चालतात. कायद्याने मला कोणी काही बोलले नसते. परंतु शेळी पाचव्या वर्षी प्रथम विते आणि पुढेही दरवर्षी नाही. तिथल्या कळपात अशा चौदा-पंधराच असतील. आपल्याकडे ज्याने शेळी मारली, तो माणूस त्याविषयी पुढे बोलत नाही. परवाने नव्हते त्या काळात अण्णांनी आणलेली, पण भिंतीवर कधीच न लावलेली ती शिंगांची जोडी तुला आठवत असेल.

बंदूक आधी उचलली असती, तर मी तिला पाडले असते. मी चाळीस वर्षे जमीन मोजली, आणि दोन शिंगांमधील तीन बोटांचे अंतर मला मोजता आले नाही. कॅमेरा मी घरी ठेवणार नाही.

नियम दोघांचा होता, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
एर्लंड


२२ ऑक्टोबर

चि. एर्लंड यास,
अ. उ. आ.

फोटो पाहिला. करडू मला नाही दिसलं, भिंग आणलं तेव्हा दिसलं. बरं, घे तुझा तो कॅमेरा.

मला आता मेंढे कळपात सोडायचे आहेत, नाहीतर खाली सरोवरापाशी तुझ्यासाठी चूल पेटवून बसले असते. म्हणून हे लोकरी हातमोजे पाठवतेय. एकाचा अंगठा मोठा झालाय, बोलू नकोस.

आणि शिंगांवर भरवसा ठेवू नकोस, तुझा चष्मा मला ठाऊक आहे. अण्णा काय करायचे ते तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू लहानपणापासून फार सभ्य! जनावर मुतेपर्यंत थांबायचं. खाली बसलं तर शेळी. उभ्यानं अंग पुढे ताणलं तर बोकड. तासभर लागेल, दोन तास लागतील. थांबायचं. हवं तर त्याचाही फोटो काढ.

सुखरूप ये, मग हवं तेवढं भांडू.

थोरा


१३ नोव्हेंबर

ती. थोराताईस,
सा. न. वि. वि.

बोकड मिळाला. मी सुखरूप आहे. या क्रमाने लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी.

आठ तारखेस सकाळी तो शिखराच्या दक्षिण अंगास बसलेला दिसला. बर्फ मांडीपर्यंत होता. मी दोनशे पावलांवर खडकाआड पालथा पडलो आणि तू लिहिलेस त्याप्रमाणे थांबलो. एक तास चाळीस मिनिटांनी तो उठला, अंग पुढे ताणले, आणि माझी शंका फिटली. त्याचा फोटो मी घेतलेला नाही. तथापि तो कड्याच्या धारेवर होता. तिथे पाडला असता तर चारशे फूट खाली जाऊन चिंध्या झाला असता. पुन्हा थांबलो. दुपारी तो सपाटीवर उतरला. हातमोजा काढून मी नऊ फोटो घेतले. झाकण आधीच काढले होते.

मग कॅमेरा खाली ठेवला, बंदूक उचलली, नेम धरला आणि काहीच केले नाही. कशासाठी थांबलो आहे हे मला कळेना. तुला हे कधी सांगितलेले नाही: फोटो झाला की मेव्हिस हळूच म्हणत असे, माझं झालं. चौतीस वर्षांत ते ऐकल्यावाचून माझे बोट चापावर गेलेले नाही. मी त्याचीच वाट पाहत होतो, ताई. बोकड पुन्हा चढणीकडे वळला होता.

तेव्हा ते मीच म्हणालो. मोठ्याने. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मी बार काढला. तो जागीच बसला.

कायद्याप्रमाणे परवान्यावर शिकारीच्या तारखेची खाच पाडली. मांस दोन दिवसांत दोन खेपा करून खाली आणले. एक मांडी तुझ्यासाठी गोठवून ठेवली आहे. सहा तास शिजविल्यास दात लागतील. गुडघा सुजला आहे, डॉक्टरांना दाखविला आहे. फोटो अजून धुऊन आलेले नाहीत. ते कसेही येवोत.

सात वर्षे आता मला तिथे बोकडासाठी बंदूक नेता येणार नाही. काल मेव्हिसच्या टेबलाचा खण प्रथमच उघडला. दर जुलैत ती सरोवराभोवतीचे कळप मोजून, करडांसकट फोटो काढून खात्याकडे पाठवीत असे. सन एकाहत्तरपासून पंचवीस वर्षांचे आकडे ओळीने आहेत, आणि यंदाचा रकाना कोरा आहे. मी पंचवीसही वर्षे तिच्या कॅमेऱ्याची तिपाई वाहिली. ती काय मोजते, हे एकदाही विचारले नाही.

खात्यास आज पत्र टाकले आहे. पुढील जुलैची मोजणी मी करीन. शेळ्या व बोकड वेगळे ओळखण्यास दुसरा माणूस लागतो, असे तिच्या टिपणांत स्पष्ट लिहिले आहे, आणि तो विषय तुला माझ्यापेक्षा अधिक अवगत आहे. जुलैत मेंढ्या कुरणावर असतात, त्यामुळे ती सबब चालणार नाही. बूट आताच विकत घे आणि हिवाळाभर घरात घालून हिंड. नवे बूट चढणीवर पाय सोलतात.

लोभ आहे हे जाणतो. तो घेऊन ये.

तुझा,
एर्लंड