पाहुण्यांचं गोडं पाणी

माय,

मले सकाळपासून किळस येऊन राहिली. निव्वळ किळस.

तू गेली तेव्हा मी शाळेत होती, म्हणून पहिल्यापासून सांगते. अमरावतीच्या कॉलेजात मी पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचं काम करते. त्यासाठी निकेलच्या जाळीवर पातळ थर चढवावा लागते. गोड्या पाण्यात अशी जाळी मस्त चालते. खाऱ्या पाण्यात मीठ थरच खाऊन टाकते. तेल्हाऱ्याच्या, खारपाणपट्ट्यातल्या आपल्या विहिरीचं खारं पाणी सोसंल असा थर बनवायचा, एवढीच माझी खटपट. अजून जमला नाही.

आपल्या घरी दोन माठ. खारं आपलं, ज्यात डाळ शिजता शिजत नसे. तू लांबून डोक्यावर आणलेलं गोडं, ते पाहुण्यांचं. एकदा मी गोड्या माठात गिलास बुडवला तर तू केवढी खेकसली, "काहून वं, पाहुणी हाय का तू?" खारं पिऊ पिऊ तुझ्या किडन्या गेल्या. तू गेली त्या दिवशीही गोडा माठ भरलेला होता.

आज मुंबईच्या एका कारखान्याचे पाहुणे जाळी पाहाले आले होते. त्यांले पटलं तर जाळी कारखान्यात जाणार होती, माझ्या नावासकट. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या सरांनी जाळीच्या भांड्यात कॅनचं गोडं पाणी ओतलं अन् वर चिठ्ठी डकवली, 'खारपाणपट्ट्यातील पाणी'. मी म्हटलं, "सर, हे खोटं आहे."

"अगं, पाहुणे आहेत. पाहुण्यांपुढे चांगलंच ठेवायचं असतं."

थू! तुझा रिवाज, अन् या माणसाच्या तोंडी! तू सोता खारं पिऊन लोकांले गोडं पाजलं. हा खाऱ्याच्या नावानं गोडं पाजते.

सर पाहुण्यांले आत आणाले गेले तसं मी भांडं मोरीत रिकामं केलं अन् तपासायले घरून आणलेलं आपल्या विहिरीचं पाणी भरलं. पहिले बुडबुडे आले, पाहुणे खुश. मग मिठामुळं ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला, थर निघून काळा गाळ खाली बसला. पाहुणे नाकाले रुमाल लावून उठले. सर एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, माहीत हाय मले. पण एक सांगतेच. निघायच्या आधी पाहुण्यांले चहा मीच करून दिला. तो गोड्या पाण्याचा केला, माय. खाऱ्यात दूध फाटते.