शेपटीवरून ठरवलं

प्रिय ताई,

घड्याळवाल्यांना तू लग्नाला नकार दिलास आणि ते महिनाअखेर दुकान आवरून भावाकडे राहायला निघालेत, हे तू फोनवर भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलंस. वर म्हणालीस, पिकल्या केसांनी कसला संसार मांडायचा, या वयात माणूस बदलत नाही. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

काम म्हणजे तेच, प्रयोगशाळेतलं, तुझ्या भाषेत बेडकांचं पाळणाघर. गेल्या आठवड्यात बेडूकमाशांच्या पाण्यात थायरॉइडचं हार्मोन घातलं. ते मिळालं की त्यांचा बेडूक व्हायला लागतो. दोन दिवसांनी बघते तर पायांचा पत्ता नाही, शेपट्या जशाच्या तशा. हार्मोन जुनं निघालं म्हणत मी सगळी तुकडी बाद करायला निघाले होते. केवळ सवयीने यकृतं तपासली, तर तिथे धांदल उडालेली! पाण्यातलं पिल्लू अमोनिया तसाच बाहेर सोडतं. जमिनीवर ते परवडत नाही, त्याचा युरिया करावा लागतो. त्या कामाची जनुकं, आजवर ढिम्म पडलेली, कामाला लागली होती. आणि ताई, शेपटीच्या पेशी मरतात, पण यकृतात बहुतेक जुन्याच पेशी नवं काम शिकतात. बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही.

तुझंही मला दिसलं नाही. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस, म्हणजे तू आहेस तशीच राहणार असं मी धरूनच चालले. हल्ली तुझं चांगलं चालणारं घड्याळही दुरुस्तीला जायचं. त्यावरून मी तुला चिडवायचे आणि तू लाजून विषय बदलायचीस, तरी मला ती नुसती गंमतच वाटली.

खरं सांगू? काय उत्तर देऊ त्यांना, असं तू मला विचारलं होतंस. मी म्हटलं, तुझं तू बघ. तो समजूतदारपणा नव्हता गं, भीती होती. तू त्यांच्या घरी गेलीस तर मला माहेर उरणार नाही, एवढंच डोक्यात आलं. तू ते ओळखलंस आणि माझ्यासाठी आणखी एकदा मन मारलंस. फार वाईट वाटतं. उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळे. पण दुकान अजून उघडं असेल, तर हे पत्र ठेव खाली, चपला घाल आणि जा.

तुझीच, आणि तू कुठेही राहिलीस तरी तुझीच,
धाकटी