थुंकीने पुसलेली संध्याकाळ

३ जून
आले एकदाची! संग्रहालयातली खोली ऐसपैस, खिडकी मोठी, आणि समोर माझं काम: समुद्रकिनाऱ्याचं जुनं तैलचित्र साफ करणं. जवळून नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागं सरकलं की लाटा, वाळू, पाठमोऱ्या दोन बायका. वरचं व्हार्निश पिवळं पडल्यामुळे संध्याकाळ वाटते, पण खाली सकाळ आहे, पैजेवर सांगते. संचालक म्हणाले, आधीच्या दोघी काम अर्धवट टाकून पळाल्या. म्हटलं, मी त्यातली नाही.

५ जून
मळ काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही. हसू नये, आमच्या धंद्यात सगळे हेच करतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलकेच फिरवायचा. वापरलेला बोळा मात्र परत तोंडात घालायचा नसतो. ताईशी फोनवर बोलायच्या नादात आज घातला. खारट लागला. पण आकाश काय लख्ख निघालंय!

९ जून
चित्रात ऊन वाढतंय आणि मला इथे भर दुपारी दिवा लागतो. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. ठणठणीत! मग ताईचा मेसेज का वाचता येत नाही? या डोळ्यांवर माझं पोट आहे. संचालकांना सांगितलं तर म्हणाले, त्या दोघींचीही हीच रड होती. तळपायाची आग मस्तकात गेली. माहीत होतं मेल्याला, आणि तोंडातून अवाक्षर नाही!

११ जून
वाळूत तिसरी बाई. जवळून तीनच फटकारे. मागं सरकले — माझा अंबाडा, माझा निळा एप्रन. जाळून टाकावंसं वाटतंय. पण माझा उजेड आत आहे. गडद व्हार्निश फासून पुन्हा संध्याकाळ करते. बघतेच हे चित्र तो कसा परत देत नाही ते.

१२ जून
ब्रश टेकवला. कॅनव्हास लागलाच नाही — कोपरापर्यंत हात गार पाण्यात —

तारीख कोण जाणे
ऊन. नुसतं ऊन. वही हातात आहे, पण मान वळत नाही. शेजारच्या दोघी बोलत नाहीत.

मागून खोलीतले आवाज येतात. संचालक कुणाला तरी सांगताहेत, आधीच्या तिघी काम अर्धवट टाकून पळाल्या. पळाले? मी? नालायका!

ती नवी पोरगी हसली. म्हणाली, मी त्यातली नाही.

ओरडतेय — घसा फाटला — अगं बये, तो कापूस तोंडात —