ओळीशेजारचं 'पाठवला'

प्रिय आम्रपाली,

माझं हाताने लिहिलेलं अक्षर तू शेवटचं जर्नलमध्ये पाहिलं असशील, तेव्हा वैतागू नकोस. मार्केट यार्डात, बाबुरावशेठच्या गाळ्यावर बसून लिहितोय. मागे कांद्याच्या गोण्या उतरताहेत. शेठ सकाळीच म्हणाले, दिवसभरात कांद्याचा भाव हलत नाही एवढा तुझा चेहरा हलतोय.

कॉलेज सोडल्यावर इथे काम मिळालं ते त्यांच्या गिऱ्हाइकांना रोज मेसेजने भाव कळवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायचं. कोड लिहायचा एडिटर अजून तोच, ज्यावरून तू लॅबमध्ये मला छळायचीस. ओळ लिहून हात जरा थांबला की स्क्रिप्ट आपोआप चालणार आणि निकाल त्याच ओळीच्या शेजारी फिकट अक्षरांत उमटणार. केवढ्या मिजाशीत दाखवलं होतं मी तुला! तू म्हणालीस, अरे, रनचं बटण दाबण्याइतकाही धीर नाही का रे तुला? सगळी बॅच हसली. मी रुसून चहालाही आलो नाही. खरं म्हणजे तेव्हापासूनच तू... ते राहू दे.

एचओडी सरांशी भांडून त्यांच्या टेबलावर आयकार्ड आपटून निघालो, तेव्हा तू जिन्यापर्यंत धावत आली होतीस. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तरी गेल्या आठवड्यात तुझाच मेसेज आला. 'तुझे आईवडील वर्ध्याला, म्हणून सोमवारी माझे बाबा रजा टाकून कॉलेजात येतील, तुला परत घ्यावं म्हणून पालकाच्या नात्याने सरांशी बोलतील, तू फक्त तोंड बंद ठेव.' हे वाचून दुसऱ्या कुणाचे डोळे भरले असते. मला राग आला.

चॅटमध्ये उत्तर लिहिलं असतं तर 'टाइप करतोय' असं तुला दिसत राहिलं असतं. मी अडखळतोय हे तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून भावाच्या स्क्रिप्टची प्रत उघडली, यादीत तुझा एकटीचा नंबर टाकला आणि मजकुराच्या जागी लिहायला बसलो. मनासारखं जमलं की पाठवू म्हटलं. मीच बसवलेली सोय मी विसरलो. लिहायचो, थांबायचो, खोडायचो. दर वेळी शेजारी फिकट 'पाठवला' उमटत होतं, आणि रागाच्या भरात माझं तिकडे लक्षच नव्हतं. 'उपकार करायची भारी हौस आहे तुम्हा बापलेकींना.' गेलं. 'तुझ्या बाबांना मिरवायला एक बिचारा पोरगा हवा असेल.' तेही गेलं. 'तुझ्याशिवाय करमत नाही गं' लिहून लाजून लगेच खोडलं होतं, तेही गेलं. शेवटी ठेवलं होतं नुसतं 'थँक्स, बघतो.'

ते 'पाठवला' नजरेस पडल्यावर घाबरून तुला फोन केला, आणि तू उचलायच्या आत थाप तयार होती. टेस्टिंगचा कसला तरी मजकूर होता, मशीनने चुकून पाठवला. तू हसलीस. म्हणालीस, तरी म्हटलं, बाबांबद्दल तू असं लिहिणं शक्यच नाही. वर हेही सांगितलंस की बाबांनी सोमवारसाठी शर्ट इस्त्रीला दिलाय, आणि सरांशी इंग्रजीत बोलावं की मराठीत, असं तुला दोनदा विचारून झालंय. त्या शर्टापायीच हा कागद घेऊन बसलोय.

आम्रपाली, मशीन चुकलं नव्हतं. मी लिहिलं तेच त्याने पाठवलं. फोनवर हे सांगता आलं नसतं, तू पुन्हा हसली असतीस आणि मी पुन्हा थाप मारली असती. गाळ्यावरचा सुखदेव आज टेम्पो घेऊन तुमच्या कोथरूडला येतोय, त्याच्याकडे हा कागद देतोय. बाबांना दाखव. सरांपुढे शब्द टाकण्याआधी तो आपण कुणासाठी टाकतोय हे त्यांना माहीत हवं. सोमवारी मी गेटपाशी असेन. ते आले नाहीत तर एकटा आत जाऊन सरांची माफी मागेन. बाबांची माफी मागायला घरी येईन, दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. तुझीही मागतो, पहिल्या दोन वाक्यांची. थाप मारताना तिसरंही टेस्टिंगमध्ये ढकललं होतं. ते टेस्टिंग नव्हतं, आणि त्याची माफी मी मागत नाही.

न खोडता लिहितोय,
तुझाच
शुभंकर