अण्णांची थरोब्रेड घोडी

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती तांबूस, कुमैत रंगाची घोडी मला अजून लख्ख दिसते. मी शाळेत होते. घोडे विकणारे दोघं भाऊ शेजारच्या गावाहून तिला घेऊन आपल्या शेतावर आले होते. "अस्सल थरोब्रेड हाय अण्णा, पुण्याच्या रेसमधी पळाल्ती," थोरला म्हणाला. तुम्ही तिच्यावर बसून अशी दौड मारली, की आई चूल सोडून दारात आली. सौदा तिथल्या तिथं झाला. दोन-तीन दिवसांत घोडीचा पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला. दुखणं दाबायचं इंजेक्शन टोचून त्यांनी ती आणली होती. तुम्ही जाब विचारायला गेलात, तर म्हणाले, "आमच्याकडं व्हती तवर बराबर व्हती." गावात हसं होऊ नये म्हणून तुम्ही तिला गोठ्यात आतल्या बाजूला बांधलं आणि येता-जाता त्याच सुजलेल्या पायावर काठी मारत राहिलात. मी तो पाय गरम पाण्यानं शेकत बसलेली असायचे. "चांगली शेक. तुझ्या लग्नात हीच लंगडी आंदण देतो," म्हणून हसायचात.

मग मामा आले. आईचे एकुलते भाऊ, तुमचा शब्द कधी न मोडलेले. त्यांना घोडी हवी होती. माझ्या शेकण्यानं सूज उतरली होती, लंगडणं तेवढं राहिलं होतं, आणि त्यासाठी तुम्ही सकाळीच तसलं इंजेक्शन टोचून ठेवलं होतं. मामा मला विचारतात, "बाई, पाय बराबर हाय ना हिचा?" मी म्हणते, "न्हाई मामा, लंगडती ती." तुम्ही हसता. "लळा लागलाय तिला. द्यायची न्हाई म्हणून बोलून राह्यली." मामांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि घोडी नेली.

वाटूर फाट्याच्या पुढं ती पळता पळता कोसळली. तिचा पाय मोडला, मामांचा खुबा. घोडी दिवसभर रस्त्याच्या कडेला मान आपटत पडली होती. माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा तुम्ही जेवत होतात. "घोडी आता त्याची हाय, त्यानंच बघावं," म्हणालात आणि आईकडं भाजी मागितली. आई भावाला बघायला निघाली, तर तुम्ही ताटावरून मानही वर केली नाही. "जा. पण मंग तिकडंच राह्य." ती गेली नाही. मला म्हणालात, "तुझ्या तोंडानं झालं हे." तुम्ही गेलात, तेव्हा मामा कुबडी टेकत आले. त्यांना खांदा देता आला नाही, सगळ्यांच्या मागं चालत राहिले. ते रडले. मी नाही.

परवा लेकीसाठी घोडी बघायला बदनापूरकडं गेले होते. तीही रेसमधून काढलेली, विकणाराही त्या दोघा भावांसारखाच घोड्यांचा व्यापारी. पहिल्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी न सांगता, भर उन्हात गेले, चारही पाय खालपर्यंत चाचपले, खडकाळ जमिनीवर चालवून बघितली. पायांत काही खोट नव्हती. घेतली. विकणारा म्हणाला, "ताई, एवढी पारख कुणी शिकवली?"

"वडिलांनी."

"मंग मोठे जाणकार असतील."

मी हो म्हणाले. त्याला टोमणा कळला नाही. पण अण्णा, हो म्हणताना क्षणभर मला तुमचा अभिमान वाटला, आणि तेव्हापासून मला स्वतःची किळस येतेय. हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. मामांना तर नाहीच.